पाच किलोची रेल्वे: मॉडेल लेआउटच्या हलक्या पायाचा सोळा महिन्यांचा अनुभव

डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेले छोटे रूळ आणि भोवतीचा देखावा, ठेवायला जागा एकच: दिवाण आणि भिंत यांच्या मधली फट. तीही उभी. खेळायचं तेव्हा बाहेर काढायचा, प्लॅस्टिकच्या दोन स्टुलांवर टेकवायचा आणि जेवणाच्या आधी परत फटीत सरकवायचा. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. लहानपणी तिथे तासभर काचेला चिकटून उभा राहिलो होतो, हा छंद तिथूनच लागला. पण तिथला लेआउट जागचा हलत नाही आणि माझा आठवड्यातून चार वेळा हलतो. सगळा फरक इथे पडतो आणि पायाला काय वापरायचं तेही यावरच ठरतं.

माझा पहिला लेआउट रीतसर होता. चार फूट बाय दोन फूट, १८ मिमीचा कमर्शियल प्लाय, खाली दोन बाय एक इंची लाकडाची चौकट, वर प्लॅस्टरचे डोंगर. मिस्त्री म्हणाला होता, "यावर माणूस नाचला तरी काही होणार नाही." खरंच झालं नाही, फक्त तो उचलता येईना. वजनकाट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग लेआउट कवटाळून उभा राहिलो. फरक निघाला १७ किलो. बाहेर काढायला दोन माणसं लागायची. मी बायकोला विचारायचो, "काढूया का आज?" ती म्हणायची, "आणि परत ठेवायला?" मी कोणत्या दिवशी कोणती गाडी चालवली ते एका वहीत लिहितो. त्या लेआउटच्या पहिल्या वर्षभरात वहीत नऊच नोंदी आहेत. एवढा खर्च, एवढे रविवार, आणि गाडी धावली नऊ वेळा.

आताचा लेआउट गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बांधला. आता ऑगस्ट चालू आहे, म्हणजे एक पावसाळा पूर्ण आणि दुसरा अर्धा त्याने काढलाय. वजन रूळ आणि झाडाझुडपांसकट पावणेपाच किलो. एका हाताने बगलेत मारून नेतो. वहीतल्या नोंदी दोनशेच्या पुढे गेल्यात.

आधी आकाराचं सांगतो, कारण सामान त्यावरच ठरलं. एन गेज, म्हणजे ९ मिमी रुंदीचा रूळ, काटो या जपानी कंपनीचं युनिट्रॅक, ज्यात रुळाखाली प्लॅस्टिकच्या खडीचा पट्टा जोडलेलाच असतो. याच्या लहान वळणांपैकी एक २४९ मिमी त्रिज्येचं आहे. त्याचं अर्धवर्तुळ खडीच्या पट्ट्यासकट ५२३ मिमी जागा खातं. पायासाठी घेतलेल्या एक्सपीएस नावाच्या ताठ फोमची शीट बाजारात १२५० बाय ६०० मिमीची मिळते. दोन्ही बाजूंना ६२० मिमी सरळ रूळ टाकला की अंडाकृती मार्ग ११४३ मिमी लांब होतो आणि शीटवर चारही बाजूंना दोन-तीन बोटं जागा उरते. करवत न लावता शीट आहे तशीच वापरता आली. पुढची त्रिज्या २८२ मिमीची. ती घेतली असती तर रूळ थेट कडेला आला असता आणि एखादा डबा कधीतरी फरशीवर गेला असता.

एक्सपीएस म्हणजे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन. थर्माकोलचाच भाऊ, पण वेगळ्या वळणाचा. थर्माकोलमध्ये मणी वाफेने फुगवून साच्यात एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून तो तुटला की मणी सुटतात. एक्सपीएसमध्ये वितळलेलं प्लॅस्टिक वायूसकट फटीतून दाबून बाहेर काढतात. त्यामुळे आतल्या पेशी बारीक, बंद आणि एकसारख्या होतात आणि कापल्यावर कड गुळगुळीत येते. आपल्याकडे ते गच्चीवर उष्णता अडवायला लाद्यांखाली घालतात, कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत घालतात. अमेरिकेतले मॉडेलवाले गेली कित्येक वर्षं गुलाबी-निळ्या शीटांचं गुणगान करतात, ती हीच.

अडचण मिळण्याची. स्टेशनरीच्या दुकानात विचारलं तर थर्माकोल दाखवतात, आणि २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचा थर्माकोलही पूर्वीसारखा मिळत नाही. हार्डवेअरवाल्याला नाव माहीत होतं, पण तो गठ्ठ्याखाली बोलेना. शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एका कंत्राटदाराकडून ५० मिमीच्या दोन शीट सुट्या मिळाल्या. एक मला साडेसातशेला पडली. एकीचा कोपरा आधीच चेपलेला होता. घेताना सहाही कोपरे... म्हणजे आठही कोपरे बघून घ्या.

मध्ये थर्माकोलचाही एक प्रयोग झाला होता, तोही सांगून टाकतो. फ्रिजच्या खोक्यातला जाड थर्माकोल फुकटचा होता. वजन जवळपास शून्य. पण कटर लावला की मणी उडायचे, स्थिर विजेने हाताला, शर्टाला, रुळाला चिकटायचे. एक मणी डिझेल इंजिनाच्या गिअरमध्ये गेला आणि तो शोधायला संपूर्ण संध्याकाळ गेली. शिवाय दिवाळीत साफसफाई करताना खालच्या बाजूला मुंग्यांनी केलेली बोगद्यांची व्यवस्था सापडली. माझ्या बोगद्यापेक्षा सरस होती. एका महिन्यात तो प्रयोग बंद.

आता वजनाचे आकडे, कारण इथे माझा स्वतःचाच एक मोठा गैरसमज मोडला. प्लाय घनमीटरला साधारण ६०० किलो भरतो, एमडीएफ ७०० ते ८०० किलो, एक्सपीएस ३० ते ४० किलो. म्हणजे चार बाय दोनचा १८ मिमी प्लाय आठ किलो होतो आणि तेवढीच ५० मिमी जाड एक्सपीएसची शीट सव्वा किलो. हे ठीक. पण सनबोर्ड? छपाईवाल्यांकडे मिळणारा तो पांढरा बोर्ड हातात हलका लागतो, आर्किटेक्चरची मुलं मॉडेलसाठी घेतात, म्हणून मी तो हलका धरून चाललो होतो. तो फुगवलेल्या पीव्हीसीचा असतो आणि त्याची घनता ५०० ते ६०० किलोच्या घरात जाते. म्हणजे प्लायच्या जवळपासच! हलका वाटतो कारण तो ३ किंवा ५ मिमीचा असतो. तेवढ्या जाडीत तो पायाला लागेल इतका ताठ राहत नाही, आणि जाड घेतला की वजन प्लायचंच. घरं, फलाट, भिंती यांना उत्तम. पायाला नाही.

परदेशी लोकांची आणखी एक युक्ती म्हणजे पोकळ दरवाजा. त्यांच्याकडे आतून पुठ्ठ्याची जाळी असलेले दरवाजे स्वस्तात मिळतात आणि त्यावर थेट लेआउट होतो. मी उत्साहाने दुकानात जाऊन फ्लश डोअर उचलून बघितला. आपल्याकडचा तो सहसा आतून भरीव लाकडाचा असतो. पूर्ण दरवाजा तीस किलोच्या आसपास. कंबर सांभाळून परत आलो.

बांधणी अशी केली. ६ मिमी प्लायच्या ७५ मिमी रुंद पट्ट्या कापून घेतल्या, त्यांची चौकट केली आणि शीट तिच्यात ताटासारखी बसवली. फोमची वरची बाजू पट्टीच्या कडेशी समतल, खाली २५ मिमी रिकामी जागा वायरिंगला. मध्ये दोन आडव्या पट्ट्या. चौकट आणि आडव्या पट्ट्या मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास वाढलं. ही चौकट मी आधी केली नव्हती, हे कबूल करायला हवं. पहिला महिनाभर शीट नुसतीच स्टुलांवर होती, कारण मला वाटलं ५० मिमी जाड आहे, वाकणार कुठे. महिन्याने मोठी पट्टी लावून बघितलं तर मधोमध चार मिलिमीटर झोळ. डबे आपोआप मधल्या भागाकडे घरंगळत होते. फोम दाबाला चिवट असतो पण सतत भार राहिला की हळूहळू शरण जातो. चौकट लावल्यापासून आजपर्यंत झोळ नाही. तेव्हा कोणी "फोमचा लेआउट" म्हणालं की माझ्या मते तो लाकडाचाच लेआउट असतो. फोमने फक्त पोट भरलेलं असतं. पातळ लाकूड उभं लावलं की ताठ होतं, एवढं साधं ते गणित.

गोंदाने मला सगळ्यात जास्त रडवलं, म्हणून इथे जरा थांबतो. सनमायका चिकटवायचा तो पिवळट रबरी गोंद घरात होता. फोमवर बोटभर लावला आणि चहा घेऊन आलो तोवर तिथे रुपयाएवढा खड्डा. त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतं. इन्स्टंट गोंदाची आणि स्प्रे पेंटच्या डब्याची तीच गत. हे माझ्याआधी शंभर जणांनी सांगितलेलं आहे, मी ऐकलं नव्हतं. मग सुतारांचा पांढरा गोंद घेतला. तो फोम खात नाही, पण दोन फोमच्या तुकड्यांमध्ये लावला तर वाळतही नाही! टेकडीसाठी दोन थर चिकटवले, वर डिक्शनऱ्या ठेवल्या आणि अठरा दिवसांनी उकलून पाहिलं तर कडेला सुकलेला, मध्ये अजून दूध. कारण पेशी बंद, पाणी जाणार कुठून? प्लाय आणि फोम यांच्यामध्ये मात्र हाच गोंद छान बसतो. प्लाय पाणी पितो. फोमला फोम जोडायला शेवटी खिडकीच्या फटी भरायचं अ‍ॅक्रिलिक सीलंट वापरलं. नळकांड्यात मिळतं, पाण्याने पुसता येतं, वाळल्यावरही थोडं लवचिक राहतं आणि त्यावर रंग बसतो. रूळही त्याच्याच पातळ थरावर चिकटवले आहेत. एकदा एक सांधा बदलायचा होता तेव्हा पात्याने खालून सोडवला, काही तुटलं नाही. सिलिकॉनच्या फंदात पडू नका, त्यावर रंग धरत नाही. ग्लू गनने जमतं, पण गोंद लावून दोन-चार सेकंद थांबून मग दाबायचं, नाहीतर फोम वितळून मागे सरतो.

कापायला लांब पात्याचा कटर आणि दर वीस मिनिटांनी नवीन पातं. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, फाटतो. घडणीसाठी मला सर्वात आवडलेलं हत्यार म्हणजे घरातली जुनी किसणी. टेकडीचे उतार इतके सुंदर निघतात की मी ती परत केलीच नाही. नवी आणून दिली. सँडपेपरने घासाल तर तोंडाला मास्क बांधा आणि बाल्कनीत बसा. गरम तारेचा कटर वापरलात तर खिडक्या उघड्या हव्यातच, तो धूर नाकात घ्यायचा नसतो.

आता फोमचा मला कळलेला खरा फायदा, जो वजनापेक्षाही मोठा निघाला. मला भोर घाट करायचा होता. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणारी ती वाट १८६३ साली सुरू झाली. चढ ३७ ला १, म्हणून कर्जतला अजूनही गाडीला मागून जास्तीची इंजिनं जोडतात. हाच चढ बोर्डावर घ्यायचा म्हटलं तर एका रुळावरून दुसरा न्यायला ५० मिमी उंची लागते. ३७ ला १ ने ती गाठायला १८५० मिमी रूळ आणि तेवढाच उतरायला. माझा आख्खा फेरा २८०० मिमीचा! प्लायवर असतो तर इथेच घाटाचा नाद सोडला असता. फोममध्ये डोक्यात उलटं आलं: रूळ चढवायचा कशाला, जमीन खाली नेऊ. एका सरळ बाजूला २४८ चा एक रूळ, १८६ चा एक रूळ आणि दोघांच्या मध्ये १८६ मिमीचा गर्डर पूल, असं बसवून पुलाखाली फोम पूर्ण जाडी कापून काढला. ५० मिमी खोल दरी म्हणजे एन गेजच्या १:१६० या प्रमाणात खरी आठ मीटर. खाली ३ मिमी प्लायचा तुकडा चिकटवला, त्यावर ओढा. रूळ एका पातळीत, गाडीला चढ नाही, आणि तरी बघणारा म्हणतो घाट आहे. सपाट फळीवरचा लेआउट बघताना काहीतरी खोटं वाटायचं. ते का, ते तेव्हा कळलं. खऱ्या जगात जमीन रुळाच्या वर असते तशी खालीही असते.

मात्र दरी कापल्यावर शीट त्या ठिकाणी किंचित वर आली, बहुधा वरची कातडी निघाल्यामुळे आतला ताण मोकळा झाला असावा. चौकटीने ती ओढून धरली. चौकट आधी आणि दरी नंतर, हा क्रम पाळा.

पावसाळ्याचा अनुभव संमिश्र आहे, पण फोमला दोष नाही. जुन्या प्लायच्या लेआउटचा एक कोपरा जुलैत वर यायचा आणि नोव्हेंबरात बसायचा, दर वर्षी त्या सांध्यावर गाडी उतरायची. आता एकही सांधा हललेला नाही. एक्सपीएस पाणी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. हललं ते लाकूड. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात प्लायची पट्टी आणि फोम यांच्या जोडावर लांबी (पुट्टी) भरली होती तिथे केसासारखी भेग दिसली, कारण पट्टी फुगली आणि फोम होता तिथेच राहिला. लांबी खरवडून सीलंट भरलं, वर गवत लावलं. या पावसाळ्यात भेग नाही. चौकटीला कमर्शियल प्लायऐवजी आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घेतला असता तर बरं झालं असतं, फरक काही शे रुपयांचा होता. मी तिथे कंजूषपणा केला.

आणि बुरशी! जमिनीच्या रंगासाठी वाळवलेला चहाचा चोथा वापरला होता. दिसतो फार छान, घाटातल्या मातीसारखाच. ऑगस्टमध्ये एका सकाळी लेआउट फटीतून काढला तर पूर्ण टेकडीवर बर्फ पडलेलं. खंडाळ्यात बर्फ. चोथा, पांढरा गोंद आणि हवा न लागणारी फट, बुरशीला आणखी काय हवं? सगळं खरवडून चाळलेली वाळू आणि विटेची भुकटी लावली. चोथा कढईत कोरडा भाजून घेतला तर टिकतो असं एकाने सांगितलं, पण किसणीनंतर कढई मागायची माझी हिंमत झाली नाही.

आवाजाबद्दल अपेक्षा कमी ठेवा. फोम म्हणजे शांत, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात युनिट्रॅकची खडी पोकळ प्लॅस्टिकची, खाली हलका ताठ फोम आणि त्याखाली रिकामी जागा, म्हणजे ढोलकीच. रात्री साडेदहाला घरघर ऐकू यायची. स्टेशनरीत क्राफ्टसाठी मिळते ती २ मिमीची ईव्हीए फोमशीट पट्ट्या कापून रुळाखाली घातली. कानाला निम्मा तरी कमी वाटतो. जुन्या १८ मिमीच्या प्लायवर आवाज यापेक्षाही कमी होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. वजन आवाज दाबतं. प्लायची हीच एक गोष्ट मला आठवते.

खळगे पडतात. ज्या वस्तूवर गच्चीच्या लाद्या आणि माणसं उभी राहतात तिच्यावर मुलाने कोपर टेकलं की वाटी तयार होते. भार पसरलेला असेल तर प्रश्न नसतो, टोक रुतलं की संपलं. माझ्या लेआउटवर अशा तीन वाट्या आहेत. एकीचं तळं केलं, एकीत पिंपळ लावला, तिसरी अजून विचारात आहे. स्क्रू फोममध्ये धरत नाही, त्यामुळे स्विचपाटी, वायरींचे क्लिप, जे काही घट्ट हवं त्याच्याखाली प्लायचा चौकोन आधी चिकटवावा लागतो. हे रूळ टाकण्याआधी ठरवा. मी नंतर ठरवलं आणि उलटा करून काम करताना दोन सिग्नल गमावले.

एक काळजी मी कटाक्षाने घेतो. पॉलिस्टायरीन पेटतं आणि काळा धूर सोडतं, त्यामुळे लेआउटची जागा देवघराच्या भिंतीपासून लांब. दिवाळीत पणत्या लावल्या की तो सरळ बेडरूममध्ये जातो. सोल्डरिंगचं काम टेबलावर करून मगच दिव्यांच्या वायरी खाली ओवतो.

कोणाला घ्यावं आणि कोणाला नको? ज्याचा लेआउट एका खोलीत कायमचा राहणार आहे त्याने खुशाल प्लाय घ्यावा. मिस्त्री कापून देईल, स्क्रू बसतील, आवाज कमी येईल, एक्सपीएससाठी कंत्राटदारांच्या मागे फिरावं लागणार नाही. ज्याला रोज उचलून ठेवायचाय त्याने मात्र दुसरं काही बघू नये. एचओ या एनपेक्षा मोठ्या गेजवाल्यांना एवढ्या शीटवर फेरा मिळणार नाही, त्यांना दोन शीट जोडाव्या लागतील.

दुसरी शीट कपाटावर पडून आहे. दिवाळीनंतर तिचं यार्ड करायचंय, पहिल्याला शेजारी जोडायचं, टोकाच्या दोन्ही पट्ट्या १२ मिमी मरीन प्लायच्या आणि त्यांत दोन बोल्ट. यार्डाला दरी लागत नाही, त्यामुळे इतका जाड फोम नको होता, ३० मिमीचा पुरला असता. पण तो मिळवायला परत त्या कंत्राटदाराला फोन करावा लागेल, आणि पावसाळ्यात तो फोन उचलत नाही.